कंदील कोणत्या हातात

उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं,
म्हणून महिन्याचा दुसरा शनिवार आमचा.
वजनकाट्यावर सतरंजी, सतरंजीवर रेकॉर्डप्लेअर,
काट्याचा दांडा अजाबरावांनी सुतळीनं बांधून टाकलेला,
नाहीतर ठेका धरला की तोही डुलतो.

खिडकीच्या जाळीत मागच्या हंगामाची रुई.
पंखा लावला की एखादा पुंजका सुटतो,
नेमका सुईवर येऊन बसतो
आणि गाणारी बाई सर्दी झाल्यासारखी गाऊ लागते.
झिंगराजी चौकीदार उठतो, फुंकर मारतो, बसतो.
गाण्यातलं आपल्याला कळत नाही, असं तोच सांगतो.
पण फुंकर नेमकी दोन ओळींमधल्या श्वासात पडते.

नोंदवही माझ्याकडे.
साल, संगीतकार, रेकॉर्ड कोणी आणली,
शेवटच्या रकान्यात शेरा.
शेऱ्यात बहुतेक भांडणंच आहेत.
रहेमतुल्ला मास्तर, लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट,
गाणं वरातीच्या अंतरानं मोजतात :
"हे बसस्टँड ते मारुती. हे जरा लंबं, पार खळ्यापर्यंत."
सुदाम उमक लाइनमन होते.
अजूनही लाइट गेली की सगळे त्यांच्याकडे बघतात
आणि ते अपराध्यासारखे तारेकडे.

पान एकोणीसवरचं गाणं निघालं की मी पेन खाली ठेवतो.
ती जिना उतरते, हातात कंदील, एवढं सगळ्यांना मान्य.
अजाबराव म्हणतात, उजव्या.
वत्सला सिस्टर म्हणतात, डाव्या.
अकरा वर्षं झाली.
मोबाइलवर आवाज सापडतो, चित्र सापडत नाही,
रिळं जळाली म्हणे कुठल्याशा गोदामात.
"कंपाउंडरले काय दिसते? चष्मा कधीचा हाय तुमचा?"
"तवा चष्मा नोयता सिस्टर, तवा मी दहा वर्साचा होतो!"
जत्रा एकच, पौषातली. तंबू एकच. खेळ एकच.
तरी कंदील दोन.

काल आलूपोंगे खाता खाता
झिंगराजी बोटं धोतराला पुसत म्हणाला,
"बाया तं पडद्याच्या मांगं बसत ना, बाप्पा."

सुई शेवटच्या वळीत घरघरत राहिली.

"पानी म्याच मारो पडद्यावर.
बादली धरून उभाच राहो, वल्ला राह्यला पाह्यजे,
नाई तं मांगून साजरं दिसत नाई.
त्याईले सगळं उलटं दिसे. पाटीवरचे अक्षरंबी."

वत्सला सिस्टरांनी आपले दोन्ही हात समोर धरले,
इंजेक्शनची शीर शोधावी तसे पाहिले.
मग सावकाश,
"म्हंजे थो सही कराचा... थो डावखोरा नोयता?"
"नोयता."
"एकबी नोयता?"
"नाई ना, बाई."
"अरे बाप्पा. अन म्या तं तेवढ्याचसाठी
ढवळेले हो म्हनलं. पाह्याले आले तवा
डाव्या हातानं चाहाचा कप उचलला होता त्यायनं."

मास्तर आधी हसले, क्लॅरिनेटवाल्याच्या लांब दमानं,
मग उमक, मग मी.
सिस्टर सगळ्यात शेवटी, पदर तोंडाशी धरून,
आणि त्यांचं हसणं इतरांचं थांबल्यावरही
थोडा वेळ चालूच होतं.
अजाबरावांना जिंकल्याचं सुचलंच नाही.
त्यांनी आपला पोंगा सिस्टरांच्या कागदावर ठेवला.

"अन तुले कोन्या हातात दिसला, झिंगराजी?"
"मले?
म्या पडद्याच्या काठाले. बांबूपाशी.
तिथून ना मांगचं दिसे ना पुढचं.
आवाज तेवढा."

सुई पुन्हा पहिल्या वळीवर ठेवली.
शेऱ्यात काय लिहायचं ठरेना.
तेवढ्यात अजाबराव, डोळे मिटून,
"उजव्या म्हना का डाव्या,
पन पेटेल होता का इझेल, थे सांगा."
"इझेल!" सिस्टर म्हणाल्या.
"पेटेल होता हो, साफ पेटेल होता!"

जाळीतून एक पुंजका सुटला.
झिंगराजी उठला.