सांबोरची गाठ

पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं:
आपण एकही खिळा आणलेला नाही.
वनरक्षक वुत्स्यानने मोजून दिलेले स्प्रूसचे चौऱ्याऐंशी वासे,
सुतळीची अकरा गुंडाळी, तीन फावडी, एक कुऱ्हाड
आणि बारा मुलं,
त्यातली सात एकमेकांशी न बोलणारी.

काशुबियातलं तळं, जुलै महिना.
रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो इथे
आणि डास वेळेच्या आधीच हजर होतात.
खड्ड्यांसाठी कापलेल्या गवताच्या ढेपी
आम्ही सावलीत रचून ठेवल्या.
त्यांना रोज पाणी घालायचं,
कारण निघताना त्या होत्या तिथे परत बसवायच्या.

मग मी हात खिशात घातले.
तेवीस वर्षांत मला शिकता आलेलं एवढं एकच काम,
आणि तेही दर उन्हाळ्यात पुन्हा चुकतं.

पहिला मनोरा टिमोनचा एकट्याचा होता.
त्याने कुणाला दोरीचं टोक धरू दिलं नाही,
आणि उभा करताना मनोरा असा वाकला
जसा म्हातारा माणूस पडलेलं नाणं उचलायला वाकतो.
कुणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

सांबोर, पलीकडच्या काठावरच्या कोळ्यांच्या घरातला,
'हो'सुद्धा मोजूनमापून म्हणणारा,
खाली बसला, एकेक बांधणी चाचपत गेला आणि म्हणाला,
"आमच्याकडे जाळं ओढताना आजोबा शिव्या देतात.
त्याने सगळ्यांचा ताल जुळतो."

शिव्या चालणार नाहीत, मी म्हणाले.
त्यांनी जरा विचार करून भाज्या निवडल्या.
आणि दुसरा मनोरा उभा राहिला
बीट! कोबी! बीट! कोबी! या आरोळीवर,
एकाने वासा धरलेला, दुसऱ्याने पीळ ओढलेला,
येरेमी मधेच "मुळा!" ओरडून सगळ्यांचा ताल चुकवणारा.
संध्याकाळी ते वर चढले. वरून तळं दिसलं,
आणि शेजारच्या तळावरच्या मुलींचा
आमच्याहून उंच मनोरा.

नवव्या दिवशी सांबोरचा काका होडी घेऊन आला.
आजोबांचं काहीतरी. काकाने नीट सांगितलं नाही.
सांबोर गळ्यातला स्कार्फ न काढताच होडीत बसला,
ओल्या सुतळीचा कूस हाताला तसाच.
मुलं मनोऱ्यावरून बघत राहिली.
त्या दिवशी कोणत्याही भाजीचं नाव ऐकू आलं नाही.

शेवटच्या सकाळी सगळं सोडायचं.
बांधायला पाच दिवस, सोडायला एक सकाळ.
खाटा सुटल्या, कमान सुटली, चपलांची मांडणी सुटली,
ढेपी आपापल्या खड्ड्यावर परत बसल्या,
एक उलटी, मुळं वर करून. ती नंतर सरळ केली.
उरली मनोऱ्याच्या पायाशी एकच गाठ.
सांबोरची.
पावसाने फुगलेली, पक्की निरगाठ,
आमच्या पुस्तकात नसलेली.

चमच्याचा दांडा झाला. काट्याचा दात वाकला.
येरेमीने स्वतःचे दातही लावून पाहिले.
टिमोनने चाकू उघडला,
गाठीकडे बघितलं,
चाकू मिटून खिशात टाकला.
माझे हात अर्धे बाहेर आले होते. परत आत गेले.

मग निकोडेम म्हणाला, "ओढू नका. ढकला."
चौघे गुडघ्यांवर बसले.
एकाने वासा उचलून धरला, दोघांनी सुतळी उलटी आत रेटली,
आणि अगदी हळू, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं,
कोबी... बीट... कोबी... बीट...

वाटेवर बसने हॉर्न वाजवला. परत वाजवला.
सालीत रुतलेला पहिला वेढा सैल झाला.

तेव्हा मी हात खिशातून पूर्ण बाहेर काढला,
उंच केला,
आणि ड्रायव्हरला थांबायची खूण केली.
अजून दोन वेढे बाकी होते.