जिवाणी

रत्नागिरीची एस.टी. आंबा घाट चढून येते.
डिकीत थर्माकोलचं खोकं,
खोक्यात बर्फ, बर्फात सहा बाटल्या समुद्र.
कंडक्टर विचारतो, मासळी का मॅडम?
मी म्हणते, त्याहून बारीक.

विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या खोलीत
तीन बाटल्या आजच्या उन्हात ठेवते,
तीन पुढच्या. फक्त दोन अंश वर.
लाइट गेली की शिकलगार जनरेटरपाशी धावतात,
समुद्र उतू जाईल अशा घाईनं.

सोळाव्या दिवशी थेंब काचेवर.
मोजणी तेवढीच, थेंबामागे पन्नासेक हजार.
पण काचेचं अंगडं घालून मिरवणारं ते थोराड शेवाळ
कुठं दिसत नाही,
आणि हजारात एक असायचा,
कोपऱ्यात अर्धपोटी,
त्यानं सगळं घर धरलंय.
गाव ओस पडलं म्हणावं तर
खानेसुमारीत डोकी तितकीच.
जुन्या नावानं हाक मारली
तर कुणी ओ देत नाही, एवढंच.

समडोळीला आई पाणी गाळायची
दुहेरी फडक्यातून.
मग फडकं उलटं करून, गाळीव पाण्यानं खळबळून
ते धुवण बादलीतून तळापर्यंत सोडायची आडात, हळू.
‘वरनं वतू नगंस, लागतंय त्यास्नी.’
जिवाणी म्हणायची त्याला.
आणि ज्या आडातलं त्याच आडात.
बिरनाळ्यांच्या विहिरीचं आपल्यात नाही,
परक्या पाण्यात जीव जगत नाही.
दहावीतली मी हसले होते:
फडक्यातून तर सगळे निसटतात, आई.

आता माझं फडकं रुपयाएवढं, पांढरं,
त्याची भोकं मिलिमीटरच्या पाच हजाराव्या हिश्श्याची.
कुणी निसटत नाही.
वहीत लिहिलंय: आधी ऑटोक्लेव्ह, मग बेसिन.
कुकरसारखी वाफ धरते, शिट्टीशिवाय.

एकदा एक बाटली पर्समध्ये घालून
हरिपूरला संगमावर गेले होते.
पायऱ्यांवर बसले, बूच काढलं, परत लावलं.
कृष्णा जाते ती दुसऱ्याच समुद्राला.

आईला फोनवर सगळं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, ‘परत सोडायचं खरं गं,
पर आड त्योच ऱ्हायलाय का, ते बगितलंस?’

गुरुवारी खोकं परत पाठवलं.
कंडक्टरनं एका हातानं उचललं,
हलकं लागलं म्हणून
पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं.