मानपत्राचा कच्चा मसुदा

सरपंच म्हणाले, उद्या सत्कार आहे,
बारा ओळींत बसव, एका पानावर.
'रणरागिणी' शब्द मात्र यायलाच हवा.
शाल-श्रीफळ भंडाऱ्याहून आणलंय.

मी ग्रामपंचायतीची ऑपरेटर.
जन्माचे दाखले काढते, मृत्यूचे काढते,
घरकुलाच्या याद्या.
मानपत्र कधी काढलं नव्हतं.
'श्रीमती पुस्तकला डोमाजी नान्हे' एवढं टंकलं
आणि कर्सर लुकलुकत राहिला,
रात्री तलावात दूर कुणी
बॅटरी घेऊन उभं असावं तसा.

पुस्तकला. शाळा चौथीत सुटलेली.
ढिवराच्या घरी हे नाव
बापानं कुठून आणलं असेल?

आणि रणरागिणी कसं लिहू?
रागात मी तिला एकदाच पाहिलंय,
विणीच्या दिवसांत कुणी बारीक जाळं टाकलं तेव्हा.
जाळं तिनं फाडलं नाही.
गुंडाळून त्याच्या बायकोला नेऊन दिलं,
चहा पिऊन आली.

त्या उन्हाळ्यात तलाव दिसतच नव्हता.
काठापासून मध्यापर्यंत बेशरम,
वर जांभळी फुलं, एसटीतल्या पाहुण्यांना आवडतील अशी.
संस्थेच्या कागदावर पाणी होतं,
बाईचं एक नाव नव्हतं.
तरी अकरा जणी उतरल्या.
कमरेइतका चिखल, पदर खोचलेला,
पिंडऱ्यांना जळवा, कनवटीला चुन्याची डबी.
पानठेल्यावरून कुणी ओरडलं,
"बेशरम उपटाले बेशरमच लागते!"
ती वाकलेलीच होती. म्हणाली,
"मंग तू कायले तिथं बसला, बापू? ये न."

मग गाद लावली, चौरा, देवधान.
"मासोळीले बी बाळंतपनाले घर लागते का नाई?"
पहिल्या वर्षी काही नाही.
दुसऱ्या वर्षी सलंगावरून सगळं बीज वाहून गेलं,
खालच्या गावानं तळून खाल्लं.
(हे मानपत्रात लिहायचं नसतं.)
तिसऱ्या वर्षी मरळ आली.
दाडक आला, ज्याचं नुसतं नाव
आम्ही म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं.

हिशेब तिच्या भिंतीवर, कोळशानं.
एका वाट्याला एक मासा.
शेपटी उजवीकडे म्हणजे दिला,
डावीकडे म्हणजे बाकी.
धुरपताच्या नावाचा मासा कधी चुकला नाही,
आणि धुरपता तर दोन वर्षं खाटेवर.
कुणी बोललंच तर,
"ते नाई उतरत, तिचं जाळं त उतरते."

त्याच भिंतीवर, अगदी खाली,
माझ्या साकोलीच्या होस्टेलचा मासा.
शेपटी डावीकडे.
पहिला पगार घेऊन गेले होते मी.
नोटांकडे न बघता म्हणाली,
"राहू दे. तो मासा मले लय चांगला जमला."
पुढं दोनदा भिंत पोतारली.
बाकीचे मासे गेले, तो आहे,
त्याच्याभोवतीनं कुंचा फिरला.

संध्याकाळी ती स्वतःच आली,
कुणाच्यातरी रेशनकार्डासाठी.
लुगड्याचा काठ ओला.
"काय लिहून रायली वं?"
मी वाचून दाखवलं.
ऐकता ऐकता तिनं टेबलावरच्या टाचण्या
एकेक करून डबीत टाकल्या.
'अकरा जणींनी' पाशी हात थांबला.
"अकरा नाई. बारा लिव."
"बारावी कोण?"
"काठावर आमच्या चपला राखत कोन बसली होती?
एक बी कुत्र्यानं नेली नाई."

मी अकरा काढलं.
रणरागिणी आधीच काढलं होतं.
सरपंचांचं उद्या पाहू.
प्रिंटरची शाई संपत आली होती,
बारा जरा फिकट उमटलं.