इत्यादी

ओउलूला नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवस आवरतं घ्यायचा.
तळमजल्यावरची ती प्रयोगशाळा, खिडकी एक,
यंत्रं नऊ, आणि इल्मारीनं त्यांना दिलेली माशांची नावं:
मुइक्कू, सीका, हाउकी, आहवेन, लाहना...
उरलेली चार आता आठवत नाहीत.

नवांच्या डिस्का टीचभर.
म्हणून कोपऱ्यातल्या थोरल्या दहाव्याच्या पोटात
सगळ्यांना लागेल ते एकदाच ठेवलेलं:
कंपायलर, मॅन्युअलची पानं, फाँट, फिनिश शब्दकोश.
नेटवर्कवरून सगळे तेच वाचत.
वाचत फक्त. लिहायची मुभा नव्हती.

इल्मारी फळ्यावर एक तिरकी रेघ ओढायचा:
हे मूळ.
मूळ वर, फांद्या खाली, याची सवय करून घे.
यूएसआरमध्ये सगळ्यांचं.
व्हारमध्ये रोजचा पसारा, नोंदी, टपाल, छपाईची रांग.
आणि ईटीसीमध्ये ज्याचं त्याचं:
स्वतःचा पत्ता, स्वतःचं नाव.

मी हसले होते.
स्वतःचं नाव लिहायच्या जागेला
म्हणे इत्यादी!

तेव्हा मी बावीसची, आणि कंटाळा लवकर यायचा.
एकच दुरुस्ती नऊ ठिकाणी नऊदा कशाला?
गुरुवारी रात्री नवांच्याही ईटीसी
उचलून नेल्या थोरल्याकडे,
शेजारी शेजारी मांडल्या नीट,
आणि प्रत्येकाच्या घरात ठेवलं
त्या दिशेनं दाखवणारं नुसतं एक बोट.
इतकं नेटकं काम
माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं.
सायकलवर बसून शीळ घालत घरी गेले.

पहाटे वीज गेली. आली.

आठाला दार उघडलं तर नऊ पडद्यांवर
नऊ अर्धी वाक्यं.
नाव कळायला थोरल्यापर्यंत पोचायला हवं,
आणि थोरल्यापर्यंत पोचायचं
तर आधी नाव हवं.
थोरला मात्र जागा, ठणठणीत,
नवांचीही नावं कुशीत घेऊन बसलेला.
हाक मारणारंच कुणी नव्हतं.

इल्मारीनं कोट काढला नाही, आवाजही चढवला नाही.
खणातली फ्लॉपी काढली, मुइक्कूला जागं केलं,
खुर्ची माझ्याकडे सरकवली.
'लिही. हातानं. एकेकाचं.'

(आमच्या इमारतीच्या तळघरात सौना एकच होती.
दारावर तासांची यादी:
केर्त्तूबाई सहाला, आम्ही सातला.
टॉवेल मात्र जो तो आपापला आणायचा.
रोज पाहत होते हे. पाहून काय उपयोग झाला?)

दुपार कलली, खिडकी काळी झाली.
सातव्या यंत्राशी बोटं बधिर,
आणि आहवेन लिहिताना ह सुटला.
आवेन.
पुसायला गेले तर इल्मारी म्हणाला, राहू दे,
शब्दकोशात चूक असती तर नवांना भोवली असती.
ही त्याची एकट्याची आहे.

अकरा वर्षं ते यंत्र
आवेन म्हणूनच ओ देत राहिलं.
भंगारात गेलं तेव्हा पावती मी फाडली,
आणि नावाच्या रकान्यात
ह न घालता लिहिलं.