वीण

बाटलीवर आधी आकडा : चारशे सतरा.
नाव खाली, दुसऱ्याच पेननं. न्यामिझी, इगोंबे गाव,
मासळीची जाळी दुरुस्त करते.
म्वान्झाच्या आमच्या प्रयोगशाळेत माणसं अशीच येतात,
फॉर्मलिनमध्ये बुडून, घेवड्याच्या दाण्याएवढी.

सोबतच्या कागदावर डॉक्टर बुकुरूंचं अक्षर :
नऊ वर्षं. डावा जबडा. दुखत नाही.
एक्स-रेत हाडाच्या जागी साबणाचे फुगे.
आणि समासात, कुणी न विचारता :
बाई कांग्याचं टोक तोंडावरून सोडत नाही, भिंतीशी बोलते.

मी मेण ओतलं. पात्याखाली पापुद्रे काढले,
कोमट पाण्यावर तरंगवले, काचेवर उचलून घेतले,
जांभळा रंग, मग गुलाबी.
र्वेगासिरा सरांनी भिंगाला डोळा लावला आणि चहा निवू दिला.
"दात घडवणाऱ्या पेशी," म्हणाले,
"लहानपणीचं काम संपलं, हे यांना कुणी सांगितलंच नाही.
अजून घडवतायत. दात काही येत नाही."
मग टाइप केलं : सौम्य.

सौम्य!
अर्धा जबडा पोखरून बसलेली गाठ
अन् शब्द असा, की नव्या जावयाला शोभावा.

सात तास लागले, हे मला वॉर्डबॉयकडून कळलं.
पोटरीतलं बारकं हाड काढून जबड्यात बसवलं,
वर धातूची पट्टी, नऊ स्क्रू.
वॉर्डातल्या बायका म्हणे हसल्या :
पायाचं हाड घातलंय, आता हिचं तोंड चालतच राहणार.

फेब्रुवारीत ती दारात उभी. हातात काठी, कांगा खांद्यावर.
"नऊ वर्षं तोंडात राहिलं, भाडं नाही की काही नाही.
एकदा बघू तरी द्या."

सर जेवायला गेले होते. मी स्टूल पुढं ओढलं.
एक डोळा मिटून तिनं पाहिलं, बराच वेळ.
बोटं मांडीवर आपोआप काहीतरी मोजू लागली.
"जाळंच की," म्हणाली. शब्द अजून एका बाजूनं सांडत होते.
"वीण सैल. कुणा शिकाऊ पोराचं काम."

मी चाचरत सांगितलं,
कडेचं चांगलं हाडही बोटभर कापावं लागलं, नाहीतर परत येते.
"मग? भोवतीची चांगली घरंही कापावीच लागतात.
फाटक्या सुतावर गाठ धरत नाही."

निघाली. जिन्याशी थांबून विचारलं,
दोरा दातानं तोडता येईल का पुन्हा?

उजवीकडून, मी म्हणालो.
खरं तर ते बुकुरूंना विचारायला हवं होतं.