समासातला पारा

मडगाव पालिकेच्या मृत्यूनोंदणीत
कारणाचा रकाना आहे,
त्यात डॉक्टर लिहून देतो तेच उतरवायचं.
बहुतेकदा एकच : हृदयक्रिया बंद.
जणू एखाद्याची मेल्यावरही चालू राहते.

हवेला रकाना नाही.
म्हणून मी समासात, पेन्सिलीने, बारीक,
त्या त्या दिवसाचा पारा लिहू लागले.
सुरुवात एर्मेलिंद फुर्तादोपासून, वय एक्याऐंशी.
दाखला न्यायला आलेली सून म्हणाली,
"आजारी नव्हती हो. पत्र्याखालची खोली.
तिसऱ्या रात्री तिला घाम यायचाच थांबला."

मग बसप्पा, गदगचा, स्लॅबवरचा.
वय अंदाजे. पत्ता : ठेकेदाराकडे.
पारा अंदाजे नाही. साडेपस्तीस.

जानेवारीत पहाटे एकोणीसला
कुंकळ्येकर मास्तर गेले,
आणि त्याच आठवड्यात आणखी तिघे.
हेडक्लार्क हसले, "गोव्यात थंडीने कोण मरतं?"
उबेत वाढलेली हाडं, त्यांना कोण विचारतं.

चार वर्षांचे ठिपके चौकटीच्या कागदावर मांडले
तर होडी निघाली.
डावं टोक जरासं उचललेलं,
उजवं टोक उभंच्या उभं,
आणि अठ्ठावीस अंशांच्या आसपास
खोल, शांत पोट,
जिथे माणसं त्यातल्या त्यात कमी मरतात.

शाणू च्यारी शवपेट्या करतो.
त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"यात नवं काय? पारा चढतो त्या दिवशी नाही येत कुणी,
दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात.
मी आंब्याच्या फळ्या आधीच तासून ठेवतो."

आज छत्तीस.
रात्रीही एकोणतीसच्या खाली उतरणार नाही म्हणे.
नव्या पानावर तारीख घातली, समासात आकडा.
नाव अजून नाही.
आणि आठवली आमची निवृत्त शिपाई पिएदाद,
मालभाटात, वरच्या मजल्यावर, एकटी,
जिचा पंखा गेल्या गणपतीपासून
फक्त आवाज करतो.

अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.
त्यातही कारणाचा रकाना.
शाईने लिहिलं : उकाडा.

हेडक्लार्क म्हणाले, असलं कारण धरत नाहीत.
तोवर मी जिना उतरले होते,
पिशवीत दोन शहाळी
आणि ऑफिसातला टेबलफॅन.