एक जानेवारी, साडेपाच

करंट गेला की आमच्या वडगावात
अंधार आधी कानाला कळतो.
गल्लीभर माग एकदम गप्प,
आणि कुणीतरी माळ्यावरून
हेस्कॉमच्या नावानं दोन शब्द, एक मराठी, एक कन्नड.

मग फडताळावरचा कुंद्याचा रिकामा डबा,
खिळ्यानं भोकं पाडलेला,
त्यातला हिरवा ठिपका विझतो.
त्या डब्यात आमचं घर राहतं म्हणा की:
टाकीची मोटर, जिन्यातला बल्ब,
आणि वैजयंता नाइट ड्यूटीवरून येते
तेव्हा पाच पस्तीसला लागणारा गेटाचा दिवा.

सोमवारी अपडेट लावलं.
बहात्तर टक्के. मग लाल ओळ.
परत लावलं. बहात्तर.
सगळं पुसलं, नवं कार्ड घातलं,
पहिल्यापासून बसवायला घेतलं.
भाषा कुठली, देश कुठला, विचारतं ते.
राज्य विचारत नाही, बरं आहे.
बहात्तर.

इराप्पा हुदली भिंतीपलीकडून, "येन आयतु, अण्णा?"
म्हटलं, बसेना झालंय.
"जुनंच ठेवायचं की. चालत होतं न्हवं?"
चालत होतं. म्हणून तर हात लावला.

मी जॉबर. एकतीस वर्षं माग दुरुस्त करतोय.
साडीत जिथं खोट दिसते
तिथं ती नसते.
फणीच्या पलीकडं, ताण्यात कुठंतरी
एक धागा केव्हाच तुटून
शेजारच्या धाग्याच्या गळ्यात पडलेला असतो.
शेवटची लाल ओळ सोडून दिली.
बोटानं एकेक ओळ वर सरकत गेलो,
तीनशे, चारशे,
चष्मा पुसला,
आणि पार वर एक, लालसुद्धा नव्हती:
समोरच्याचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

अजून?
तारीख विचारली डब्याला.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
पहाटेचे साडेपाच.

त्याला स्वतःचं घड्याळच नाही.
बाहेर वेळ विचारायची वाट
फायबरवाल्याच्या पेटीनं बंद ठेवलेली.
करंट आला की शून्यापासून मोजायचं
आणि शून्यात आपल्या देशाचे साडेपाच तास मिळवायचे,
हिशेबाला पक्कं.
माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी जागं होऊन
जगाचा प्रत्येक कागद उलटसुलट बघून म्हणतं,
हा तर पुढच्या तारखेचा.

तारखांचं आम्हाला नवल नाही.
या भागात माणसं तारखेवरच म्हातारी झालीत.
पण त्या रात्रीचं आत्ता कळलं.
सव्वाअकराला करंट आला
आणि अकरा वीसला गेटाचा दिवा लागला.
मी शिव्या देत विझवायला उठलो होतो.
त्याच्या लेखी पहाट होती,
वैजयंता येत होती.

खडेबाजारात नजीर मुजावरकडं गेलो.
बोटभर घड्याळाची पट्टी, बटणाएवढा सेल.
सेल देताना म्हणाला, कुठल्या घड्याळाला?
म्हटलं, घराला.
त्यानं भिंगातूनच माझ्याकडं बघितलं.

पट्टी जोडली. तारीख बरोबर घातली.
अपडेट लावलं. बहात्तरावर थांबलं.
मी मोरीत जाऊन चूळ भरून आलो.
ऐंशी.
नंतरचं बघितलंच नाही, दृष्ट लागेल म्हणून.

शुक्रवारी तिला कुणीतरी स्कूटरवरून सोडलं, लवकर.
मोबाइलच्या उजेडात कडी काढून
आत आली, पायरीवर बसून
बुटाची गाठ सोडायला लागली,
आणि तिच्या पाठीमागं गेटाचा दिवा लागला.
"आता लागून काय उपयोग," म्हणाली.

मी भिंतीकडं बघितलं.
पाच पस्तीस.
बरोबर आहे की, म्हटलं,
तूच लवकर आलीस.